गार चाकाची हवा

१

हवा बघायची ती नेहमी गार चाकाची. गाडी चार-पाच किलोमीटर पळाली की चाक तापतं, आतली हवा फुगते आणि गेजवरचा आकडा चढतो. तो आकडा खोटा असतो. त्याच्यावर विश्वास ठेवून कुणी हवा काढली, तर चाक गार झाल्यावर आत कमी हवा उरते. कमी हवेचं चाक रस्त्यावर जास्त चेपतं, जास्त तापतं आणि मग फुटतं. बस डेपोच्या टायर विभागात चौतीस वर्षं घालवलेल्या माझ्या बाबांचं एवढंच तत्त्वज्ञान होतं. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, कुठेही ते ऐकावं लागायचं.

दर शनिवारी सकाळी सात वाजता, कुणी किल्लीला हात लावायच्या आत, ते शेडमध्ये जायचे. चार चाकं आणि पाचवी स्टेपनी. व्हॉल्व्हची टोपी काढून ओठात धरायची, गेज दाबायचं, भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस, स्टेपनी पस्तीस. टोपी ओठात असतानाच बोलायचीही हौस. मी म्हणायचे, "बाबा, गिळाल एक दिवस." ते म्हणायचे, "टायर खात्यातला माणूस आहे, पचेल."

बाबांना जाऊन वर्ष झालं. शनिवार आता मी सांभाळते. कुणाला वाटेल, काय ही मुलीची माया. माया नाही, राग आहे. राग टिकवायचा तर त्यालाही आठवड्यातून एकदा हवा भरावी लागते.

२

शेड माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. मध्ये एक भिंत, भिंतीत एक दार. ओट्याशी उभं राहिलं की शेडमधला पानासुद्धा पडलेला ऐकू येतो. तिथे ती गाडी उभी असते. बाबांची गाडी, म्हणजे कागदावर धाकट्या भावाची. घर मी सांभाळलं, औषधं मी आणली, आणि गाडी कुणाच्या नावावर, तर धाकट्याच्या. ते सोडा. बाबा गेले त्या दिवशी गाडी तो चालवत होता. डावं पुढचं चाक फुटलं, गाडी फिरली आणि कठड्यावर आदळली. धाकट्याच्या कपाळाला तीन टाके पडले. बाबा डावीकडे बसले होते.

पट्टा त्यांनी लावला नव्हता, म्हणजे लावला होता पण पाठीमागून. आमच्या गाडीत डाव्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की ती टीं टीं करत राहते. बाबांचं पोट सुटलेलं, पट्टा त्यांना काचायचा. म्हणून तो पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवायचे. गाडी गप्प, पोट मोकळं. हे धाकट्याला दिसत नव्हतं का? डोळे फुटले होते का त्याचे?

हे मी त्याला तोंडावर विचारलं, सगळ्या नातेवाइकांसमोर. म्हटलं, "बापाला नेताना चाकाकडे बघायची अक्कल नव्हती, पट्ट्याकडे तरी बघायचं होतंस." तो मान खाली घालून बसला. नंतर फोनवर दोनदा विचारलं. तेव्हाही गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं.

गॅरेजवाल्याने गाडी दुरुस्त करून दिली. नवं बॉनेट, नवा पट्टा, चारही टायर नवे. धाकटा तिच्याकडे वर्षभर फिरकला नाही. मीही चालवली नाही. फक्त शनिवारी हवा बघायची. बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस, पस्तीस. उभ्या गाडीची हवा महिन्याकाठी पौंडभर उतरते, तेवढी पायपंपाने भरायची.

मग एका गुरुवारी त्याचा फोन आला. "ताई, माझी बदली झालीय. तिसऱ्या शनिवारी सामान घेऊन निघतोय आम्ही. गाडी न्यायला येतो."

"दोनशे ऐंशी किलोमीटर," मी म्हटलं. "बायको-मुलीला घेऊन. तू चालवणार."

"हो."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

३

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे सात वाजता शेडमध्ये गेले. मागची दोन्ही चाकं बत्तीस. पुढचं उजवं बत्तीस. पुढच्या डाव्याला गेज लावलं आणि काटा अडतीसवर गेला.

हवा कमी झालेली मी पाहिली आहे. आपोआप वाढलेली कधी पाहिली नव्हती. गेज काढून पुन्हा लावलं. अडतीस. उजव्याला लावून पाहिलं, बत्तीस. म्हणजे गेज धडधाकट होतं.

मी टायरवर हात ठेवला. तो गरम होता. लांबून आलेल्या गाडीचा असतो तसा, आतून गरम. जवळ तापलेल्या रबराचा वास होता.

मी काही खुळी बाई नाही. एका छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासते, चूक शोधणं हेच माझं काम. ऊन आलं असेल म्हणून खिडकीकडे पाहिलं. ऊन उजव्या बाजूला पडलं होतं. कुणी गाडी नेली असेल म्हणून बॉनेट पाहिलं. आठवडाभराची धूळ जशीच्या तशी. चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याने एक धागा ओढला होता, तोही शाबूत. किल्ली फ्रिजवरच्या डब्यात होती. किलोमीटरचा आकडा मागच्या महिन्याचाच.

मग मी स्वतःशी हिशेब मांडला. आठवडाभर हललेली नाही ती गाडी गरम असूच शकत नाही. म्हणजे चाक गार आहे आणि गरम लागतोय तो माझा हात. गार चाकात अडतीस असेल, तर सहा जास्त आहे. जास्त आहे ती काढायची. यात चूक कुठे आहे, दाखवा.

मी व्हॉल्व्हची सुई दाबली. सुस्स. काटा बत्तीसवर आला. भिंतीवर बत्तीस लिहिलं आणि टोपी लावायला घेतली. टोपी मी बाजूच्या फळीवर ठेवली होती. ती ओली होती.

फळी कोरडी होती. मी टोपी साडीला पुसली, घट्ट बसवली आणि स्वयंपाकघराचं दार आपटून घरात आले. बाबा असते तर म्हणाले असते, दार आहे ते, भांडण नव्हे.

४

तो आठवडा मी सगळ्यांवर खेकसत काढला. ऑफिसात एक जण अनुस्वार विसरला, त्याला रडू येईपर्यंत बोलले. घरी ओट्याशी उभी असले की कान भिंतीकडे जायचे. भिंतीपलीकडे इंजिन गार होताना पत्रा टिकटिकतो ना, तसा आवाज यायचा. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक. नुकती येऊन उभी राहिलेली गाडी असा आवाज करते. ही तर वर्षभर उभी होती. मी मिक्सर लावायचे. मिक्सर थांबला की पुन्हा टिक.

दुसऱ्या शनिवारी डावं पुढचं पुन्हा अडतीस. पुन्हा गरम. या वेळी मला घाबरायला हवं होतं, पण मला राग आला. कसला चावटपणा चाललाय हा? मागच्या आठवड्यात बत्तीसवर सोडलेलं चाक अडतीस होतं म्हणजे काय? चाक बसलंय का तेही डोळ्यांनी पाहिलं. पण हल्लीचे टायर खाली थोडे फुगलेले दिसतातच, नुसत्या डोळ्याला हवा कळत नाही. गेजच खरं.

मी उकिडवी बसले आणि सुई दाबली. सुस्स करून हवा बोटांवर आली. आणि माझ्या पाठीमागे, अगदी खांद्याशी, कुणीतरी विचारलं, "गार आहे का?"

शब्द स्पष्ट नव्हते. ओठात काहीतरी धरून बोलल्यासारखे होते.

मी वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते सांगते. तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. एकदा मला विचारला गेला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. सुई दाबून धरलेलं बोट मी काढलं नाही. काटा बत्तीसवर आला तेव्हा काढलं. फळीवरची टोपी ओली होती आणि तिच्या कडेवर दोन दातांच्या खुणा होत्या.

खडूने भिंतीवर बत्तीस लिहिलं.

५

तिसऱ्या शनिवारी धाकटा सातच्या आधीच आला. सोबत भावजय, पाच वर्षांची भाची आणि टेम्पोत न मावलेलं सामान. भावजय कधी नव्हे ते माझ्याशी नीट बोलली. "ताई, तुम्ही गाडी किती छान ठेवलीत." मी म्हटलं, "गाडीला काय, ती उलट बोलत नाही."

भाची मागे बसली, तिच्या शेजारी भावजय. "पुढे बस की," मी म्हटलं. ती म्हणाली, "नको. पुढे नाही बसवत मला."

धाकटा डिकीत पेट्या रचत होता. सामानाने गाडी मागून खाली बसली. मी गेज घेतलं. मागची दोन, पुढचं उजवं, बत्तीस. डावं पुढचं अडतीस. हात लावला. हात मागे घ्यावा इतकं गरम.

"किती आहे?" धाकट्याने विचारलं.

"अडतीस. काढते सहा."

"अडतीस?" तो हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसला. वर्षभरात इतक्या जवळ आला नव्हता. कपाळावर टाक्यांची खूण होती. "तू तर दर शनिवारी बघतेस."

"बघते. आणि दर शनिवारी सहा काढते. तू तरी कधी बघितलं असतंस तर..."

त्याने टायरवर तळवा टेकला. बराच वेळ ठेवला. "गार आहे की," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा तळवा तिथेच होता, जिथे मघाशी माझा पोळला होता. त्याने खिशातून स्वतःचं नवं गेज काढलं, आकडे दाखवणारं, आणि माझ्या आधी व्हॉल्व्हवर लावलं.

"वीस," तो म्हणाला.

"तुझं गेज फालतू आहे."

त्याने दुसऱ्या चाकांना लावून दाखवलं. बत्तीस. बत्तीस. बत्तीस. मग मी बाबांचं गेज पुन्हा डाव्याला लावलं. माझ्या देखत, माझ्या हातात, काटा विसावर जाऊन थांबला.

बत्तीसमधून सहा, सव्वीस. सव्वीसमधून सहा, वीस. चौथ्या इयत्तेतलं गणित. दोन शनिवार मी एका गार, धडधाकट चाकाची हवा काढत होते. आता तिसऱ्यांदा काढणार होते. चौदा हवेचं चाक, त्यावर अख्खं घर लादलेलं, वर कडक ऊन, आणि दोनशे ऐंशी किलोमीटर. मागे पाच वर्षांची पोर, बाहुलीला पट्टा लावत बसलेली.

आणि माझा हात सुईवर होता.

६

धाकटा ओरडला असता तर बरं झालं असतं. मी दात ओठ खाऊन वाटच बघत होते. तो ओरडला असता म्हणजे मीही ओरडले असते आणि त्या गोंधळात सगळं निभावून गेलं असतं. पण तो उठला, फळीखालचा पायपंप काढला आणि नळी व्हॉल्व्हला लावली.

"ताई, तू बरी आहेस ना?" एवढंच विचारलं त्याने.

त्या एका वाक्याने माझं वर्षभराचं सोंग उतरलं.

"त्या दिवशी हवा मी काढली होती," मी म्हटलं.

तो पंप मारत होता. त्याचा पाय थांबला.

"त्या दिवशी गाडी मी चाळीस किलोमीटर पळवून आणली. मला उशीर झाला होता. तू दारातच माझ्यावर करवादलास, डॉक्टरांची वेळ टळतेय म्हणून. मला राग आला. बाबा आतून म्हणाले, हवा बघून ठेव. मी तशीच बसले, गरम चाकांशी. चारही अडतीस. बत्तीसवर आणून ठेवली. बाबांनी विचारलं, गार आहे का? मी उत्तरच दिलं नाही. दार आपटलं आणि आत गेले."

शेडमध्ये काही हललं नाही. टिकटिकही नाही.

"मला ठाऊक आहे," धाकटा म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"बाबांनी गाडीत बसायच्या आधी चाकाला हात लावला होता. म्हणाले, अजून तापलेलं आहे, आणि हिने तर आताच हवा काढलीय. जाताना पेट्रोल पंपावर भरून घेऊ. पंप आला. मी म्हटलं, उशीर झालाय, पुढच्या पंपावर भरू. पुढचा पंप आलाच नाही."

"मग वर्षभर दातखीळ बसली होती का तुझी? मी तुला काय काय बोलले. सगळ्यांसमोर बोलले."

"बोलायला तू जागा ठेवलीस का, ताई?" त्याने पुन्हा पंपावर पाय ठेवला. "आणि बाबा म्हणाले होते, घरी आल्यावर तिला काही बोलू नकोस. मी बोलेन, मला म्हणाले."

तो पंप मारत राहिला. मी गेज धरून आकडे मोजत राहिले. बावीस, पंचवीस, एकोणतीस. मला त्याचा राग येत होता, बाबांचा येत होता, माझा तर इतका येत होता की डोळ्यांसमोर काटा धूसर झाला. बत्तीसवर मी हात वर केला.

टायरवर तळवा ठेवला. गार होता.

७

टोपी सापडेना. फळीवर ठेवली होती ती फळीवर नव्हती. खाली पाहिलं, चाकामागे पाहिलं. भावजयीनेही उतरून पाहिलं. "दुसरी घेऊ वाटेत," धाकटा म्हणाला आणि चाकाशी बसून किल्ली हातात खेळवत राहिला. मग उठला, आत बसला आणि गाडी सुरू केली.

टीं. टीं. टीं.

त्याने डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही. त्याने हाताने सीट झटकली, तरी टीं टीं चालूच. "सेन्सर बिघडला असेल," तो म्हणाला. आवाज मात्र बाबांच्या धाकात वाढलेल्या मुलाचा होता.

"थांब," मी म्हटलं.

मी डावं दार उघडलं. आत तापलेल्या रबराचा वास होता. खांद्याशी लोंबणारा पट्टा मी ओढला. पाठीमागून नाही, पुढून, नीट. खटक्यात अडकवला. खट्. टीं टीं थांबलं.

पट्टा सीटला टेकला नाही.

मी हात सोडला तरी तो तसाच ताणलेला राहिला, सीटपासून वीतभर पुढे, मध्ये गोल येऊन. सुटलेल्या पोटाचा माणूस बसला की राहतो तसा. आणि तो गोल अगदी सावकाश वर येत होता आणि खाली जात होता.

धाकटा समोर बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटांची पेरं पांढरी. त्याला दिसत होतं की नाही, मी विचारलं नाही. मागे भाची बाहुलीशी बोलत होती. त्यांना उतरा म्हणावं, की जा म्हणावं? बाबा त्यांना सांभाळायला चाललेत, की माझ्याकडून उरलेला जाब घ्यायला? वीस वर्षं चुका शोधणाऱ्या बाईला एवढं एक कळेना.

मी हात मागे घेत असताना तळव्यात काहीतरी पडलं. टोपी. ओली, आणि गरम.

मी चाकाशी बसले. टोपी फिरवून घट्ट बसवली. उठताना टायरवर पुन्हा एकदा सगळा तळवा टेकवला, जेवढा वेळ टेकवायला हवा तेवढा.

"गार आहे, बाबा," मी उघड्या दारातून आत सांगितलं. "आता नीट बघितलंय."

पट्ट्याचा गोल क्षणभर थांबला आणि पुन्हा हलू लागला.

मग मी ते दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा, आवाज न करता.